म्यूझस्कोअरमध्ये संगीताचा फाँट निवडण्याआधी तो पाहायचा कसा

म्यूझस्कोअर स्टुडिओ ४ या संगणकावर संगीत लिहायच्या प्रोग्रॅममध्ये नोटेशनचा, म्हणजे नोट आणि चिन्हांचा, फाँट बदलणं फार सोपं आहे. तो फाँट आपल्या कामाला चालेल का, हे मात्र प्रोग्रॅम सरळ सांगत नाही. हा रिव्ह्यू तेवढ्याच एका सोयीचा आहे: फाँट लावण्याआधी तो किती खरा दिसतो आणि कुठे फसवतो. गायन समाज देवल क्लबच्या गावात सा-रे-ग-म अक्षरांत लिहायच्या भातखंडे लिपीचं वजन जास्त असणारच, पण चर्चच्या क्वायरसाठी, ब्रास बँडसाठी, शाळेच्या पथकासाठी आणि कीबोर्डच्या ग्रेड परीक्षांसाठी पाच रेघांवर लिहिणारे लोक कोल्हापुरात आहेतच. त्यातल्या बहुतेकांकडे म्यूझस्कोअर असतो, कारण तो फुकट आहे.

आधी निकाल. स्टाईलच्या खिडकीतला चालू प्रीव्ह्यू उत्तम आहे. त्याच खिडकीतली फाँटांची यादी निवडीच्या कामाची नाही. डावीकडचं चिन्हांचं पॅलेट तर सरळ दिशाभूल करतं. आणि पडद्यावर काहीही दिसलं तरी शेवटचा शब्द झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर प्रिंटरचा.

खिडकी कुठे आहे आणि काय करते

फॉरमॅट मेनूतून स्टाईल उघडा आणि डावीकडे स्कोअर हे पान निवडा. तिथे म्युझिकल सिम्बॉल्स फाँट आणि म्युझिकल टेक्स्ट फाँट असे दोन खोके दिसतात. पहिला क्लेफ (ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह), नोटहेड (नोटचं डोकं), फ्लॅग (दांडीचं शेपूट), रेस्ट (विराम), डायनॅमिक्स (आवाजाच्या जोराची चिन्हं) यांचा. दुसरा मजकुराच्या ओळीत येणाऱ्या चिन्हांचा, उदाहरणार्थ टेम्पोच्या सूचनेतला छोटा क्वार्टर नोट. यादीत लीलँड, ब्रावुरा, एमेंटालर, गॉनव्हिल, म्यूझजॅझ, पेटालुमा, फिनाले माएस्ट्रो आणि फिनाले ब्रॉडवे ही नावं येतात. नुसती नावं. शेजारी एखादा ट्रेबल क्लेफ जरी काढून दाखवला असता तरी अर्धं काम झालं असतं.

ही उणीव भरून काढतो तो मागचा स्कोअर. नाव बदललं की खिडकीमागची पानं त्याच क्षणी नव्या फाँटात दिसू लागतात आणि कॅन्सल दाबलं की सगळं होतं तसं परत येतं. म्हणून खिडकी उघडण्याआधीच जी ओळ बघायची आहे ती पडद्यावर मधोमध आणा, झूम २०० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि मग खिडकी एका कडेला सरकवा. पहिल्या पानावर नुसतं शीर्षक आणि चार होल नोट असतील तर सगळे फाँट सारखेच वाटतील.

दोन फाँट शेजारी-शेजारी ठेवून पाहायचे असतील तर फाईलची एक प्रत दुसऱ्या नावाने जतन करा. चौथ्या आवृत्तीत प्रत्येक स्कोअर वेगळ्या खिडकीत उघडतो, त्यामुळे पडद्याच्या डाव्या अर्ध्यात लीलँड आणि उजव्या अर्ध्यात ब्रावुरा असं मांडता येतं. पसंत पडलेली मांडणी फॉरमॅट मेनूतल्या सेव्ह स्टाईलने वेगळ्या फाईलमध्ये ठेवली की पुढच्या प्रत्येक कामात ती लोड स्टाईलने लावता येते.

ती एक टिक

या खोक्यांजवळच एक टिक असते: फाँटनुसार स्टाईलची मापं आपोआप घ्यायची का. तुलना फसते ती बहुतेक वेळा इथेच.

संगीताचा फाँट म्हणजे नुसत्या चिन्हांचा संच नव्हे. स्मूफल या प्रमाणपद्धतीत प्रत्येक फाँटासोबत एक जेसन फाईल येते. पाच रेघा किती जाड, दांडी किती जाड, नोट जोडणारी पट्टी म्हणजे बीम किती जाड आणि दांडी नोटहेडला नेमकी कुठे चिकटायची हे त्यात लिहिलेलं असतं. मापं स्टाफ स्पेसमध्ये, म्हणजे दोन रेघांमधल्या अंतराच्या हिशेबात असतात. ब्रावुराची रेघ ०.१३ स्पेस आणि दांडी ०.१२, लीलँडची रेघ ०.११ आणि दांडी ०.१०. म्यूझस्कोअरची मूळ मापं लीलँडचीच आहेत. त्यामुळे टिक न लावता ब्रावुरा निवडला तर ब्रावुराची भरदार डोकी लीलँडच्या बारीक रेघांवर बसतात आणि पान विसंगत दिसतं. दोष फाँटाला देऊन लोक मोकळे होतात.

उलट बाजूही आहे. रेघेची जाडी किंवा बीमचं माप तुम्ही हाताने बदललेलं असेल, आणि टिक ठेवून फाँट बदलला, तर फाँटाची मापं तुमच्या मापांवर बसतात. मग पुन्हा जुना फाँट निवडून उपयोग नाही. त्या फाँटाची मूळ मापं येतील, तुमची नाहीत. कॅन्सल किंवा अनडू हेच मार्ग. तेव्हा फाँटांशी खेळ सुरू करण्याआधी सेव्ह स्टाईल करून ठेवा. तुलना करताना टिक लावलेली बरी, कारण प्रत्येक फाँट आपल्या स्वतःच्या मापांत दिसायला हवा. पसंती ठरल्यावर हवं ते माप शेवटी बदला. फाँट बदलल्यावर दुसऱ्या खोक्यातलं टेक्स्ट फाँटाचं नाव जोडीचं आहे ना, तेही बघून घ्या.

पार्टचा, म्हणजे एकेका वाद्याच्या वेगळ्या पानांचा, घोळ वेगळाच. कंडक्टरच्या स्कोअरमध्ये फाँट बदलला म्हणून आधीच तयार केलेल्या क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या पार्टमध्ये तो बदलत नाही. प्रत्येक पार्टची स्टाईल स्वतंत्र असते. एखादा पार्ट उघडा ठेवून स्टाईलमध्ये जा, तिथे फाँट बदला आणि अप्लाय टू ऑल पार्ट्स दाबा. हे राहून गेलं तर तालमीत वादकांपुढे एक रूप आणि कंडक्टरपुढे दुसरंच.

पॅलेट विसरा, मास्टर पॅलेट वापरा

डावीकडच्या पॅलेटमधली चिन्हं स्कोअरच्या फाँटात नसतात, ती लीलँडमध्येच दिसतात. पेटालुमा लावूनही पॅलेटमधला क्लेफ तसाच राहतो, त्यात बिघाड काही नाही. शिफ्ट आणि एफ९ दाबून मास्टर पॅलेट उघडा आणि सिम्बॉल्समध्ये जा. तिथे फाँट निवडायची सोय आहे, शोधायला खोका आहे, आणि गटवार सगळी चिन्हं त्या फाँटात दिसतात. स्कोअरला हात न लावता फाँट चाळायची एवढी चांगली जागा प्रोग्रॅममध्ये दुसरी नाही. ती इतकी आत का लपवली आहे कोण जाणे.

एक सावधगिरी तिथेही हवी. एखादं चिन्ह निवडलेल्या फाँटात नसेल तर म्यूझस्कोअर ते ब्रावुरामधून उसनं आणतो. ब्रावुरा हा स्मूफलचा नमुना-फाँट, त्यात जवळजवळ सगळंच आहे. हस्तलिखित धाटणीच्या फाँटात मधेच एखादं काटेकोर, छापील वळणाचं चिन्ह दिसलं तर ते असं आलेलं आहे असं समजा. तालवाद्यांची चिन्हं, सूक्ष्म श्रुतींचे (शार्प-फ्लॅटसारखे) अ‍ॅक्सिडेंटल आणि विरळ वापरातले अलंकार इथे जास्त सापडतात.

विंडोजचा प्रीव्ह्यू का चालत नाही

इंटरनेटवरून उतरवलेल्या संगीताच्या फाँटावर डबल-क्लिक केलं की विंडोज इंग्रजी वाक्य दाखवायला जातं आणि बहुतेक वेळा रिकामे चौकोन किंवा भलत्याच फाँटातली अक्षरं दिसतात. फाँट खराब नसतो. स्मूफलमधली चिन्हं युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात, ई००० पासून पुढे ठेवलेली असतात. अ-आ-इ किंवा ए-बी-सीच्या जागांवर काहीच नसतं. फाँट सिस्टिमवर बसवल्यावर लिब्रेऑफिस किंवा वर्डमध्ये तो निवडा, इंग्रजी की-बोर्डवर E050 (ई०५०) टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबा, ट्रेबल क्लेफ उमटेल. ई०ए४ म्हणजे भरीव नोटहेड, ई४ई५ म्हणजे क्वार्टर रेस्ट, ई५२२ म्हणजे फोर्टेचा एफ. ही चार चिन्हं ७२ पॉइंटात शेजारी ठेवली की फाँटाचा स्वभाव बऱ्यापैकी कळतो. वर्डमध्ये मूळ ब्रावुरा वापरला तर ओळींमध्ये अवाढव्य जागा पडते. त्यासाठीच ब्रावुरा टेक्स्ट नावाचा वेगळा फाँट दिलेला आहे.

जुन्या सीडींमधले माएस्ट्रो, ओपस, सोनाटा वगैरे फाँट वेगळ्या जातीचे. १९८० च्या दशकात अ‍ॅडोबीसाठी क्लिओ हगिन्स यांनी केलेल्या सोनाटापासून संगीताची चिन्हं की-बोर्डच्या अक्षरांवर बसवायची पद्धत पडली. त्यांच्यासोबत मापांची जेसन फाईल नसते, चिन्हंही स्मूफलच्या जागांवर नसतात. असा फाँट विंडोजमध्ये कितीही वेळा बसवला तरी म्यूझस्कोअरच्या त्या यादीत दिसणार नाही. फिनाले या दुसऱ्या नोटेशन प्रोग्रॅमच्या जुन्या फाईली असणाऱ्यांना ही अडचण जास्त येते. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनालेचा विकास थांबवल्याचं कंपनीने जाहीर केलं आणि अनेकांना घर बदलावं लागलं. त्यांच्यासाठी फिनाले माएस्ट्रो आणि फिनाले ब्रॉडवे हे स्मूफल अवतार म्यूझस्कोअरमध्ये आधीच आहेत, ओळखीचं वळण तरी मिळतं.

तपासणीचं पान

खरी परीक्षा यावर आहे. एकच पान, साधारण १६ ते २० बार, आणि त्यात फाँटाची दुखरी जागा उघडी पडेल असंच सगळं. सुरेल असायची गरज नाही.

बीम न जोडलेले एटथ, सिक्स्टीन्थ आणि थर्टी-सेकंड नोट, दांडी वर आणि खाली दोन्हीकडे. फ्लॅगचं वळण इथेच कळतं. काही फाँटांत खालच्या दांडीचा फ्लॅग नोटहेडला जवळजवळ टेकतो. मग सेकंडच्या अंतराचे कॉर्ड, म्हणजे सी-डी-ई एकत्र, त्यात दोघांना शार्प आणि एकाला डबल शार्प. हस्तलिखित धाटणीच्या फाँटांची डोकी रुंद असतात आणि असा घोळका तिथे चिकटतो. डॉट असलेले नोट रेघेवर आणि रेघांच्या मध्ये असे दोन्ही घ्या. चार फ्लॅटची की सिग्नेचर घ्या, फ्लॅटची पोटं एकमेकांना लागतात का ते पाहायला.

टाईम सिग्नेचर ६/८ आणि १२/८ दोन्ही हव्यात. १२ चे दोन अंक काही फाँटांत इतके आवळून बसतात की लांबून एकच आकृती वाटते. डायनॅमिक्समध्ये पीपी, एमएफ आणि एसएफझेड. एमएफमधला एम पुसट आहे का ते बघा, कारण मंद उजेडात तोच आधी हरवतो. अ‍ॅक्सेंट आणि स्टॅकाटो एकाच नोटवर, एक ट्रिल, एक फर्माटा, सेनो, कोडा, आणि व्होल्टा (पहिल्या-दुसऱ्या वेळचा वेगळा शेवट) असलेला रिपीट. ग्रेस नोट विसरू नका: छोट्या आकारात दांडी आणि तिरकी रेघ मिसळते का ते तिथेच दिसतं. बँडवाल्यांनी खाली एक तालवाद्याची ओळ घालावी, त्यात एक्स आकाराची डोकी आणि रोलची ट्रेमोलो चिन्हं. शेवटी आठ बारांची एकत्र रेस्ट. त्यासाठी म्यूझस्कोअरमध्ये एम ही कळ दाबली की रिकामे बार एकत्र होतात.

आणि पानाला सिस्टिम लॉक घाला, ही सोय ४.५ आवृत्तीपासून आहे. फाँट बदलला की चिन्हांची रुंदी बदलते, रुंदी बदलली की बार पुढच्या ओळीत सरकतात, आणि तुम्ही दोन वेगळ्याच ओळींची तुलना करत बसता. लॉक असला की तोच बार त्याच जागी राहतो आणि कुठला फाँट जागा जास्त खातो ते उघड होतं. याच कारणासाठी खऱ्या कामात पान उलटण्याच्या जागा फाँट ठरल्यावरच पक्क्या कराव्यात.

कागद

म्यूझस्कोअरचा मूळ स्टाफ स्पेस १.७५ मिमी, म्हणजे पाच रेघांची उंची ७ मिमी. या मापात लीलँडची रेघ सुमारे ०.१९ मिमी आणि ब्रावुराची ०.२३ मिमी. ६०० डीपीआयच्या लेझरवर एक ठिपका ०.०४२ मिमीचा, म्हणजे लीलँडच्या वाट्याला साडेचार ठिपके, ब्रावुराच्या वाट्याला साडेपाचाच्या आत. दोन्ही स्वच्छ येतात. गोंधळ होतो तो ए४ पान ७१ टक्के करून ए५ वर झेरॉक्स काढली की. बँडच्या पुठ्ठ्यावर चिकटवायला ही सवय सर्रास आहे. रेघा लीलँडमध्ये ०.१४ मिमीच्या आत जातात, त्यातही झेरॉक्सवरून झेरॉक्स काढली तर रेघा तुटक होतात, बीम मात्र काळे राहतात. ए५ वर जायचं असेल तर प्रोग्रॅममध्येच पानाचं माप ए५ करा, स्टाफ स्पेस १.५ मिमीच्या खाली नेऊ नका आणि ब्रावुरा लावा.

राजारामपुरी किंवा लक्ष्मीपुरीतल्या दुकानात पेनड्राइव्हवर म्यूझस्कोअरची फाईल नेऊ नका, पीडीएफ न्या. फाँट त्यात सोबत जातो. दुकानदाराला दोन गोष्टी सांगा: फिट टू पेज नको, अ‍ॅक्च्युअल साइज हवं, आणि टोनर सेव्ह बंद. हातात पान आलं की पट्टी लावून पाच रेघांची उंची मोजा. ७ मिमी भरली नाही तर प्रिंट लहान झाली आहे आणि फाँटाबद्दलचं मत त्यावरून बनवायचं नाही. मग ते पान म्युझिक स्टँडवर ठेवून हातभर मागे या. क्लॅरिनेटवाले दोघे एका स्टँडवर वाचतात, अंतर तेवढंच असतं.

शब्द देवनागरीत असतील तर

संगीताच्या फाँटाचा शब्दांशी संबंध नाही, आणि प्रोग्रॅमचा मूळ मजकुराचा फाँट एडविन. त्यात देवनागरी नाही, म्हणून सिस्टिम कुठलातरी दुसरा फाँट लावते. एका संगणकावर दिसलेलं दुसऱ्यावर तसंच दिसेल याची खात्री उरत नाही. स्टाईलमधल्या टेक्स्ट स्टाईल्समध्ये लिरिक्सच्या सम-विषम दोन्ही ओळींना नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता असा युनिकोड फाँट नेमून द्या. मूळ आकार १० पॉइंट आहे. देवनागरीला १२ लागतो. उकार, रफार आणि अनुस्वार वर-खाली जागा घेतात, त्यामुळे लिरिक्सच्या दोन ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप करून आणलेला मजकूर इथे चिकटवला तर कचरा दिसतो, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

अक्षरं तोडताना जोडाक्षर मधे कापू नका. कोल्-हा-पूर असं तोडलं तर पाय मोडलेला ल् नोटखाली लोंबतो. को-ल्हा-पूर असं तोडा. गाणाऱ्याचा श्वासही तसाच पडतो.

कुणाला कुठला

लीलँड २०२१ मध्ये ३.६ आवृत्तीबरोबर आला आणि तेव्हापासून तोच मूळ फाँट आहे. जुन्या कोरीव छपाईचं वळण, भरीव डोकी, बारीक रेघा. पूर्ण आकाराच्या पियानो-कीबोर्डच्या पानाला आणि क्वायरला याहून बरा शोधायची गरज नाही. लहान मुलांच्या वर्गाला स्टाफ स्पेस २ मिमी करा, फाँट तोच ठेवा.

ब्रावुरा जाड आणि ठाम. ब्रास बँड, उघड्यावरचा कार्यक्रम, कमी उजेड, झेरॉक्सची झेरॉक्स: डोळे झाकून हाच. एमेंटालर लिलीपाँड या दुसऱ्या नोटेशन प्रोग्रॅममधून आलेला, गोलसर आणि वजनदार. त्याची मूळ खुबी लिलीपाँडमध्येच आहे. तिथे तो ११ पासून २६ पॉइंटांपर्यंत आठ वेगवेगळ्या आकारांत कोरलेला आहे आणि लहान आकारात चिन्हं आपोआप जाड होतात. म्यूझस्कोअरमध्ये तो फायदा मिळत नाही. गॉनव्हिल नीट आहे, पण आमच्या मते ए५ वर फिका पडतो.

पेटालुमा, म्यूझजॅझ आणि फिनाले ब्रॉडवे हे हाताने लिहिल्यासारखे. पडद्यावर नाद खुळा दिसतात. फक्त सूर आणि कॉर्ड लिहिलेल्या लीड शीटला शोभतात, आठ आवाजांच्या स्कोअरला नाहीत. हे लावले तरी शीर्षक, टेम्पो आणि कॉर्डची नावं जुन्याच वळणात राहतात. कॉर्ड सिम्बॉल्सची स्टाईल जॅझ करा आणि टेक्स्ट स्टाईल्समध्ये प्रत्येक प्रकाराला म्यूझजॅझ टेक्स्ट लावा, नाहीतर पान अर्धं छापील आणि अर्धं हातचं दिसतं.

इतर प्रोग्रॅमांबद्दल थोडक्यात. डोरिकोमध्ये लायब्ररी मेनूत म्युझिक फाँट्स आहे, पण बाहेरून आणलेला फाँट तिथे दिसायला नुसता विंडोजमध्ये बसवून भागत नाही. त्याची जेसन फाईल प्रोग्रॅम फाइल्समधल्या कॉमन फाइल्स, त्यात स्मूफल, त्यात फाँट्स, आणि त्यात फाँटाच्याच नावाच्या फोल्डरमध्ये, त्याच नावाने ठेवून डोरिको पुन्हा सुरू करावा लागतो. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी फाँट गायब. सिबेलियसमध्ये ओपस, हेलसिंकी, रिप्राइज, इंकपेन हे हाउस स्टाईलमधून बदलायचे. तिथे फाँटासोबत बाकीची मापंही बदलतात, म्हणून आधी प्रत काढा. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात म्युझिकएक्सएमएल या सामायिक फाईल-प्रकाराने फाईल नेली तर समोरचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा आपलाच फाँट लावतो. दिसणं जसंच्या तसं पोचवायचं असेल तर म्युझिकएक्सएमएलसोबत पीडीएफही पाठवा, आणि तपासणीचं ते एक पान दोन्हीत घाला.